संमतीपत्र : शाळा उघडण्याच्या वादाचा इतिहास



स्मरणिकेसाठी लेख पाठवा म्हणून संपादक मंडळाचा निरोप आला, सोबत विषयांची यादीही आली. सहल, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतला डबा, सरांची छडी. या विषयांवर तुम्ही सगळे लिहिणार आहातच आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहाल. मी यादीत नसलेला विषय घेतला आहे.

आपला हा मेळावा खरं तर २०२१ मध्ये, दहावीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हाच व्हायचा होता. वर्गणीचा आकडाही ठरला होता. तो का झाला नाही ते सांगायला नको. पण त्याच वर्षी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळा उघडाव्यात की नाही यावरून जे भांडण झालं, त्याबद्दल नंतर आपण कोणीच बोललो नाही. आपल्यातले बहुतेक जण तेव्हा पालक म्हणून बोलत होते आणि काही जण शिक्षक म्हणून. एका रात्री आपली एक मैत्रीण ग्रुप सोडून गेली. ती ज्या वाक्यामुळे गेली ते वाक्य माझं होतं.

म्हणून हा लेख. यात आठवणी कमी आणि तारखा जास्त आहेत, त्याला कारण आपल्या इतिहासाच्या बाई. बाई फळ्याच्या कोपऱ्यात सनावळी लिहून ठेवायच्या आणि धडा संपेपर्यंत ती कोणाला पुसू द्यायच्या नाहीत. कोण काय म्हणालं हे नंतर बघा, आधी ते केव्हा म्हणालं ते बघा, असं त्यांचं सांगणं असायचं. मला तेव्हा ती निव्वळ घोकंपट्टी वाटायची. पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागले. रात्री-अपरात्री एखादी यंत्रणा बंद पडली की सगळ्यात आधी नोंदींच्या वेळा एकाखाली एक लावायच्या असतात, कोणाची चूक हे त्यानंतर, हे तिथे शिकले आणि बाई आठवल्या. त्या भांडणाचंही मी आता तेच केलं. शासनाचे निर्णय, तेव्हाच्या बातम्या आणि आपल्याच ग्रुपवरचे जुने संदेश तारखेनुसार लावून पाहिले.

शाळा बंद झाल्या तेव्हा

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. त्याच आठवड्यात शहरांतल्या शाळा ३१ मार्चपर्यंत बंद ठेवायचा निर्णय झाला. दहावीची परीक्षा तेव्हा चालू होती. भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला गेला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. मार्च ९६ मध्ये शेवटचा पेपर देऊन बाहेर पडल्यावर आपण एकमेकांच्या शर्टांवर शाई उडवली होती. त्या मुलांना शेवटचा पेपरच मिळाला नाही.

तेव्हा शाळा बंद करायला ना पालकांचा विरोध होता, ना शिक्षकांचा. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, अशीच सगळ्यांची समजूत होती. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. वार्षिक परीक्षा नाही म्हणून तिने घरभर उड्या मारल्या होत्या.

पडद्यावरची शाळा

१५ जून २०२० रोजी नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं ते ऑनलाइन. जुलैमध्ये अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केला गेला. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. सोलापूरच्या निलमनगरमधल्या एका मराठी शाळेने वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, म्हणजे ज्या घरात मोबाईल नाही त्या घरातलं मूल येता-जाता वाचेल. सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला, ती बातमी आपल्या ग्रुपवर फिरली होती आणि आपण सगळ्यांनी तिला टाळ्यांची चित्रं पाठवली होती. मुलीला शिकायला डोंगर चढावा लागतो यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे, असं आपल्या त्या मैत्रिणीने तेव्हाच विचारलं होतं. ती आपल्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

'असर'च्या देशभरच्या ग्रामीण पाहणीनुसार २०१८ मध्ये शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेलं. वाढ मोठी आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की शाळा फोनवर गेली तेव्हा दहातल्या जवळजवळ चार मुलांच्या घरी असा फोन नव्हता. ज्या घरी होता तिथेही तो बहुतेक वेळा वडिलांच्या खिशात असायचा आणि वडील कामावर. माझ्या घरी मात्र तीन लॅपटॉप होते. 'ऑनलाइन'चा माझा अनुभव आणि तिच्या वर्गातल्या मुलांचा अनुभव यांना एकच शब्द वापरणं हेच मुळात चुकीचं होतं.

याच काळात पालक आणि शिक्षक यांच्यात पहिली ठिणगी पडली. शहरात ती फीवरून पडली. शासनाने ८ मे २०२० रोजी फीवाढ करू नये असा निर्णय काढला, संस्थाचालक उच्च न्यायालयात गेले आणि जूनअखेर त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. शाळा बंद असताना पूर्ण फी का भरायची, हा पालकांचा प्रश्न रास्त होता. त्याच वेळी अनेक विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे पगार कापले जात होते किंवा थकत होते, हेही खरं होतं. दोघांचंही भांडण व्यवस्थापनाशी असायला हवं होतं. पण पालकांना रोज पडद्यावर दिसायच्या त्या वर्गशिक्षिका. राग त्यांच्यावर निघायचा.

सरकारी शाळांच्या शिक्षकांची गोष्ट आणखी वेगळी. शाळा बंद म्हणजे शिक्षक घरी, असं आपण धरून चाललो होतो. प्रत्यक्षात राज्यात ठिकठिकाणी शिक्षक तपासणी नाक्यांवर उभे होते, रेशन दुकानांवर होते, घरोघर सर्वेक्षण करत होते, विलगीकरण केंद्रांत नोंदी ठेवत होते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हाही अनेक गावांत तापमान मोजायला दारात आलेली व्यक्ती शाळेतली बाई किंवा गुरुजीच होती.

२३ नोव्हेंबर २०२०

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२० रोजी राज्यांना १५ ऑक्टोबरनंतर टप्प्याटप्प्याने शाळा उघडायची मुभा दिली. त्यात एक अट होती: पालकांची लेखी संमती. हजेरी सक्तीची नव्हती, ज्यांना घरूनच शिकायचं त्यांना ती सवलत होती. इथून 'संमतीपत्र' हा शब्द आपल्या आयुष्यात आला.

दिवाळीनंतर, २३ नोव्हेंबरपासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचं ठरलं. त्याआधीच्या आठवड्यात शिक्षकांनी आरटीपीसीआर चाचणी करून घ्यायची होती. चाचणी केंद्रांवर शिक्षकांच्या रांगा लागल्या आणि हजाराहून अधिक शिक्षक बाधित निघाले. मुंबई, ठाणे, पुणे अशा मोठ्या शहरांनी शाळा बंदच ठेवल्या. पहिल्या दिवशी राज्यभरात या वर्गांच्या सुमारे ५९ लाख विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ३ लाख शाळेत आले.

हा आकडा मी दोनदा तपासला, कारण माझ्या आठवणीत चित्र नेमकं उलटं होतं. पालक शाळा उघडा म्हणत होते आणि शिक्षक नको म्हणत होते, असं मला वाटत होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये शिक्षक वर्गात हजर होते आणि पालक मुलं पाठवायला तयार नव्हते.

पालकांची भीती समजण्यासारखी होती. लस आली नव्हती. बहुतेक घरांत आजी-आजोबा होते. शिवाय संमतीपत्राचा मसुदा अनेक ठिकाणी असा होता, की मूल आजारी पडलं तर जबाबदारी आमची, असं पालकाने लिहून द्यायचं. सही करताना कोणाचाही हात थबकेल. शिक्षकांची अडचण वेगळी होती. त्यांना संमती कोणी विचारलीच नव्हती. पालकांच्या हातात संमतीपत्र आलं, शिक्षकांच्या हातात आदेश. मधुमेह असलेला पन्नाशीचा शिक्षक आणि पंचविशीतला शिक्षक, दोघांना एकच आदेश.

२७ जानेवारी २०२१ रोजी मुंबई वगळता राज्याच्या बऱ्याच भागात पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. पुण्यात फेब्रुवारीच्या सुरुवातीला. माझी मुलगी तेव्हा पाचवीत. तिच्या शाळेचं संमतीपत्र मेलवर आलं. मी 'नाही'वर खूण केली आणि ग्रुपवर लिहिलं, "माझं मूल म्हणजे प्रयोगशाळेतला उंदीर नाही." तो संदेश अजून तिथे आहे. त्याच दिवशी आपली मैत्रीण मास्क लावून पाचवीच्या वर्गात एका बाकावर एक मूल बसवत होती.

दुसरी लाट

फेब्रुवारीत विदर्भातून आकडे वाढायला लागले आणि बघता बघता शाळा पुन्हा बंद झाल्या. एप्रिलच्या सुरुवातीला पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वरच्या वर्गात गेली, पाठोपाठ नववी आणि अकरावीची. २० एप्रिलला दहावीची परीक्षा रद्द झाली, जूनच्या सुरुवातीला बारावीची. जुलैमध्ये दहावीचा निकाल लागला तो ९९.९५ टक्के. आपल्या वेळी पास झाल्याचे पेढे वाटले जायचे. त्या वर्षी पेढे कोणाला आणि कशाबद्दल द्यायचे हा प्रश्नच होता.

त्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल जास्त लिहीत नाही. आपल्या तुकडीतल्या किती घरांत काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्या दोन महिन्यांत आपल्या मैत्रिणीच्या घरचे चौघे आजारी पडले आणि तिचे सासरे गेले. ती त्याआधी सर्वेक्षणाच्या कामावर होती. संसर्ग तिच्यामार्फतच घरात आला की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, पण हा प्रश्न तिच्या मनातून गेलेला नाही. हे मला त्या ऑगस्टमध्ये माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं.

तो ऑगस्ट

जून २०२१ मध्ये चित्र पालटलं. हिवरे बाजारसारख्या कोरोनामुक्त गावांनी शाळा भरवायला सुरुवात केली. ७ जुलैच्या शासन निर्णयाने, जिथे महिनाभर एकही रुग्ण नाही अशा गावांत आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून सुरू करायला परवानगी मिळाली. निर्णय गावाने घ्यायचा होता. सरपंच अध्यक्ष, आणि सोबत तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, म्हणजे पालक. शिक्षकांनी शक्यतो गावातच राहावं किंवा सार्वजनिक वाहनाने ये-जा करू नये, असंही त्यात होतं. त्यावर शिक्षकांनी कुरकुर केली आणि ती वाजवी होती.

त्याच सुमारास राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ऑनलाइन सर्वेक्षण घेतलं. उत्तर देणाऱ्या पालकांपैकी ८१ टक्क्यांहून अधिक जणांनी मुलांना शाळेत पाठवायची तयारी दाखवली. नोव्हेंबरमध्ये वीसातलं एक मूल वर्गात आलं होतं. आठ महिन्यांनी पाचातले चार पालक तयार होते. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती, म्हणजे भीती कमी व्हायचं तसं काही कारण नव्हतं. दुसरी एक भीती मोठी झाली होती. मुलं वाचायला विसरत होती, चिडचिडी झाली होती, काही कामाला जायला लागली होती, काही मुलींची लग्नं ठरत होती.

१० ऑगस्टला शासन निर्णय निघाला: १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते सातवी आणि शहरी भागात आठवी ते बारावी सुरू. दुसऱ्याच दिवशी टास्क फोर्समधल्या डॉक्टरांनी आक्षेप घेतला. मुलांचं लसीकरण नाही, तिसऱ्या लाटेची शक्यता आहे, घाई नको. निर्णय थांबला. चोवीस तासांत 'उघडणार' आणि 'नाही उघडणार'.

त्या रात्री मी ऑफिसचं काम संपवून बसले होते. मुलगी सहावीत गेली होती आणि दीड वर्षात जेमतेम दोन मैत्रिणींना भेटली होती. दिवसभर खिडकीशी बसायची. कॅमेरा बंद करून वर्गाला 'हजर' असायची. तिची शाळा १७ तारखेलाही सुरू होणार नव्हतीच, पण सुरुवात होतेय एवढी आशा होती, तीही गेली. मी ग्रुपवर लिहिलं, "शिक्षकांना घरबसल्या पगार मिळतोय. त्यांना कशाला शाळा उघडायला हव्यात?"

निर्णय थांबवला होता डॉक्टरांच्या सल्ल्यावरून सरकारने. शिक्षकांचा त्यात काही संबंध नव्हता. तरी माझ्या संदेशाला अकरा अंगठे आले. ते अंगठे कोणाचे हे लिहीत नाही. आपल्या मैत्रिणीने एकच ओळ लिहिली, "माझ्या वर्गाची संमतीपत्रं माझ्या टेबलावर आहेत, बत्तीसच्या बत्तीस," आणि ग्रुप सोडला. तेव्हा मला त्या ओळीचा अर्थही लागला नाही. ती पाचवी ते सातवीला शिकवत होती. १७ तारखेला तिचेच वर्ग उघडणार होते आणि ती वाट बघत होती.

शिकागो आणि न्यूयॉर्क

आपल्या तुकडीतले जे अमेरिकेत आहेत त्यांनी त्या वादात म्हटलं होतं, की हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. ते बरोबर होतं. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत शिकागोच्या शिक्षक संघटनेने वर्गात न जाता ऑनलाइन शिकवायचं, असं मतदानाने ठरवलं. महापालिकेने ते मानलं नाही आणि पाच दिवस शहरातल्या सरकारी शाळांत वर्गच भरले नाहीत. पालकांमध्येही दोन तट पडले.

गंमत म्हणजे याच शिकागोने १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शाळा उघड्या ठेवल्या होत्या. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी तेव्हा त्या बंद केल्या. शिकागो आणि न्यूयॉर्क हे ठळक अपवाद. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचं म्हणणं असं, की कोंदट चाळींतल्या घरांपेक्षा हवेशीर शाळेत मूल जास्त सुरक्षित असतं, आणि तिथे रोज सकाळी शिक्षकाची नजर मुलावर पडते, आजारी मूल लगेच लक्षात येतं. शंभर वर्षांपूर्वीही शाळा उघडी ठेवायची म्हणजे शिक्षकाने पहारा द्यायचा, हे गृहीतच होतं.

जानेवारी २०२२

आता आपल्याकडचा शेवटचा टप्पा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. तोवर शिक्षकांच्या लसीकरणाला वेग आला होता. केंद्राने शिक्षकदिनापर्यंत सगळ्या शिक्षकांना लस द्यायला राज्यांना सांगितलं होतं. १ डिसेंबरला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. शहरांतल्या लहान वर्गांनाही परवानगी मिळाली, पण मुंबई-पुण्याने आणखी पंधरवडा घेतला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या गावाकडच्या मुलाने शाळेच्या वर्गात पहिलं पाऊल टाकलं ते दुसरीत, अर्धं वर्ष संपल्यावर.

लगेच ओमायक्रॉन आला. ८ जानेवारी २०२२ रोजी राज्यातल्या शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवायचा आदेश निघाला. या वेळी मात्र पालक आणि शिक्षक दोघेही एका बाजूला उभे राहिले. हॉटेलं आणि चित्रपटगृहं निम्म्या क्षमतेने का होईना चालू, मग शाळाच का बंद, असा प्रश्न पालक विचारू लागले. शिक्षक संघटनांनी आणि मुख्याध्यापकांनीही तोच प्रश्न विचारला. इंग्रजी शाळांच्या संस्थाचालकांच्या 'मेस्टा' संघटनेने १७ जानेवारीपासून शाळा सुरू करणार असं जाहीरच केलं. २० जानेवारीला निर्णय बदलला आणि २४ तारखेपासून, स्थानिक परिस्थिती पाहून, पहिलीपासूनचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली. पुण्यात १ फेब्रुवारीला माझी मुलगी शाळेत गेली. तोवर तिचा गणवेश दोन मापं मागे पडला होता.

ज्या महिन्यात शिकागोत शिक्षक शाळा नको म्हणत होते, त्याच महिन्यात महाराष्ट्रात शिक्षक शाळा हवी म्हणत होते. 'शिक्षक असेच' किंवा 'पालक असेच' असं काही नसतं, हे मला या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर पटलं.

हिशेब

या सगळ्याची किंमत मुलांनी मोजली. 'असर'च्या २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण २०१८ मधल्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आलं. आधीच कमी असलेलं आणखी कमी झालं. ही मुलं आता सातवीच्या आसपास असतील. तेव्हा शाळा लवकर उघडायला हव्या होत्या का? मला वाटतं, ग्रामीण भागातल्या लहान वर्गांच्या शाळा निश्चितच. पण हे मी आज म्हणते आहे, एप्रिल २०२१ मध्ये कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तारीख बाजूला काढून कोणाचं मत तपासता येत नाही.

आणखी एक गोष्ट तारखा लावताना लक्षात आली. जिथे निर्णय वरून आला, रात्रीत बदलला आणि पालकांना कागदावर सही व शिक्षकांना आदेश एवढंच मिळालं, तिथे पालक आणि शिक्षक एकमेकांवर धावून गेले. जुलै २०२१ मध्ये गावागावांत ज्या समित्या बसल्या, तिथे पालक, मुख्याध्यापक आणि डॉक्टर एका सतरंजीवर समोरासमोर होते. तिथेही वाद झाले असतील, पण समोर बसलेल्या माणसाला "घरबसल्या पगार खाता" असं म्हणणं सोपं नसतं. आपला ग्रुप म्हणजे अशी सतरंजी नव्हती.

गेल्या दिवाळीत मी आपल्या मैत्रिणीच्या शाळेत गेले. आधी फोन केला होता. मला वाटलं होतं ती येऊ नको म्हणेल. ती म्हणाली, "ये, पण सुट्टी लागायच्या आधी ये, मुलं भेटतील." मधल्या सुट्टीत तिने कपाटातून एक गठ्ठा काढला. ऑगस्ट २०२१ मधली ती बत्तीस संमतीपत्रं. बहुतेकांवर सही आई-वडिलांची आणि वरचा मजकूर मुलांच्या अक्षरात. वीटभट्टीवरच्या दोन घरांचे अंगठे होते. तिने ती घरोघर फिरून जमवली होती, आणि शाळा बंद असताना देवळाच्या ओट्यावर सात-आठ मुलांचे गट करून शिकवत होती, तेही मला तिथे कळलं. "उघडली एकदाची ४ ऑक्टोबरला," ती म्हणाली. "बत्तीसातले एकोणतीस आले. तिघांना शोधायला दिवाळी उजाडली."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला मागितलीस ते झालं. पण बोलली होतीस सगळ्यांसमोर."

तिचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते: ते वाक्य खोटं होतं, अन्यायाचं होतं आणि त्याबद्दल मी तिची क्षमा मागते. आपल्या तुकडीतल्या बाकीच्या शिक्षकांचीही मागते. आणि आपल्या गुरुजनांचीही, कारण तुम्ही निवृत्त झाला असलात तरी ते वाक्य तुमच्या पेशाबद्दलच होतं.

एक विनंती करून थांबते. त्या बावीस महिन्यांची तुमच्याकडे जी काही चिठ्ठी-चपाटी असेल, संमतीपत्र, हजेरीचा फोटो, ड्यूटीचा आदेश, मुलाने घरी बसून लिहिलेली वही, ती मेळाव्याला येताना घेऊन या. मुख्याध्यापक सरांनी ग्रंथालयात त्यासाठी एक कपाट द्यायचं कबूल केलं आहे. प्रत्येक कागदावर तारीख मात्र लिहा. बाईंना आवडेल.

आपली मैत्रीण मेळाव्याला येणार आहे. तिने वर्गणीही भरली आहे.

– दहावी 'ब', मार्च १९९६